चांदी भरली म्हणजे दाढ कायमची दुरुस्त झाली का?

दाढ किडते, डॉक्टर ती कोरतात, चांदी किंवा सिमेंट भरतात, आणि आपण त्या दाढेचे नाव काळजीच्या यादीतून खोडून टाकतो. अमरावती-अकोल्याकडे ही समजूत घरोघर आढळते. दोन-तीन वर्षांनी पुन्हा दाखवून या, असे कोणी सुचवलेच तर, "दुखत नाही ना, मंग कायले जातं?" हे उत्तर तयार असते. या उत्तरातच सगळी गफलत आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे तुम्हीच तपासून पाहा.

हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते. दाताचे वरचे कवच, म्हणजे एनॅमल, मात्र भरून येत नाही. कारण ते तयार करणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपलेल्या असतात. म्हणून दातातला खड्डा बाहेरच्या पदार्थाने बुजवावा लागतो. सायकलच्या ट्यूबवर लावतात तसे हे ठिगळच. ठिगळ किती मजबूत आहे यापेक्षा त्याची कड किती घट्ट बसली आहे यावर सारे अवलंबून असते, हे पंक्चर काढणारा कोणीही सांगेल.

आता ही कड सुटते कशी? तुम्ही शाळेत पदार्थांचे प्रसरण शिकलाच आहात. १ अंश सेल्सियस तापमान वाढले की दात आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे ११ भाग वाढतो. चांदीचे भरण सुमारे २५ भाग वाढते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे अकोल्याला नवे नाही. अशा दुपारी गरम चहा घेऊन कोणी लगेच बर्फाचा गोळा चोखला, तर तोंडात ५० अंशांचा फरक पडला असे धरू. भरण ५ मिलिमीटर रुंद असेल तर ते सव्वासहा मायक्रॉन आकसेल, दात मात्र पावणेतीनच. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) फरक साडेतीन मायक्रॉनांचा, दोन्ही कडांना वाटून दिला तरी प्रत्येक बाजूला पावणेदोन. दात किडवणारे गोल जंतू जेमतेम एक मायक्रॉन जाडीचे असतात, म्हणजे त्यांना आत शिरायला दरवाजा पुरेसा झाला! प्रत्यक्षात लाळेमुळे आणि चहाचा घोट तोंडात फार वेळ न राहिल्यामुळे दातापर्यंत एवढा फरक पोहोचत नाही, हे खरे. पण हा खेळ दिवसातून कितीतरी वेळा आणि वर्षानुवर्षे चालतो. भरण आकसले की फटीत लाळ ओढली जाते, फुगले की बाहेर ढकलली जाते.

ज्याला आपण 'चांदी' म्हणतो त्यात चांदी असते, पण सुमारे निम्मा भाग पारा असतो. बाकी चांदी, कथील आणि तांबे यांची भुकटी. अशा मिश्रणाला पारदमेल म्हणतात. अमेरिकेतील दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी १८९० नंतरच्या दशकात त्याचे प्रमाण नीट बसवले, तेव्हापासून ते भरवशाचे झाले. गंमत अशी की पारदमेल हळूहळू गंजते आणि तो गंजच कडेच्या फटी काही प्रमाणात बुजवतो. गंज उपयोगी पडल्याचे असे उदाहरण तुम्हाला क्वचितच सापडेल. दाताच्या रंगाचे जे भरण हल्ली करतात ते राळेत काचेची भुकटी मिसळून केलेले असते. निळ्या प्रकाशाने ते घट्ट होते, पण घट्ट होताना शेकडा दोन-तीन भाग आकसते. ते दाताला चिकटवता येते, याचे श्रेय अमेरिकेतील मायकेल ब्युओनोकोर यांना. आम्लाने एनॅमल खरखरीत केले तर राळ त्याला पकडून राहते, हे त्यांनी १९५५ मध्ये दाखवले.

चावण्याने होणारी झीज वेगळीच. फुटाणे, रोडग्याची कडक पापडी, ऊस, हे सारे दाढांना काम देतात. पण सुपारीइतका त्रास दुसरे काही देत नसेल. खर्रा चघळणाऱ्यांच्या दाढा सपाट झालेल्या तुम्ही पाहिल्या असतील. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे. तुमच्या शाळेभोवती ती किती पाळली जाते हे तुम्ही मोजून पाहा. वरुड-मोर्शीकडच्या मुलांना आणखी एक सांगतो. संत्री जरूर खा, पण फोड गालात धरून तासभर चोखत बसू नका, आणि खाल्ल्यावर लगेच दात घासू नका. आम्लाने एनॅमल काही काळ मऊ पडते. साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने ब्रश करावा.

साधारणपणे चांदीचे भरण दहा-पंधरा वर्षे, राळेचे सात-दहा वर्षे टिकते. काही जास्त, काही फार कमी. म्हणजे दहाव्या वर्षी भरलेली दाढ तुम्ही कॉलेजात असताना लक्ष मागणार, हे गृहीत धरा.

आता "दुखत नाही ना?" या प्रश्नाकडे येऊ. भरणाखाली नवी कीड लागली तर ती अंधारात हळूहळू पसरते. दाताच्या आतली जिवंत मज्जा मागे सरकत आपल्यापुढे नवी भिंत बांधत राहते, म्हणून बरेच महिने काहीच जाणवत नाही. मग ठणका लागतो. आणि मग, औषध न घेताच, एक दिवस तो थांबतो! घरातली मंडळी म्हणतात, बरे झाले. वास्तविक त्या दिवशी दाताची नस मेलेली असण्याचा संभव असतो. मेलेली नस दुखत नाही. पण तिच्यात वाढलेले जंतू मुळाच्या टोकाशी पू करतात. जी दाढ पुन्हा एकदा भरून वाचली असती, तिला आता रूट कॅनाल करावे लागते किंवा ती काढावी लागते. खर्च किती पटींनी वाढतो हे ज्यांच्या घरी घडले असेल त्यांना विचारा.

म्हणून दुखण्याची वाट न पाहता काही खुणा पाहायला शिका. जीभ फिरवल्यावर पूर्वी गुळगुळीत असलेली जागा खडबडीत किंवा टोकदार लागते का? एकाच ठिकाणी दर जेवणानंतर अन्न अडकते का? दोन दातांमधून दोरा ओढला तर नेमका तिथेच तो उसवतो का? थंड पाण्याने कळ येते का, आणि पाणी गिळल्यावरही ती रेंगाळते का? चावताना नव्हे, तर चावून दाब सोडताना चमक येत असेल तर दाढेला चीर गेल्याची शंका घ्यावी. हिरड्यावर बारीक पुळी येऊन फुटत असेल तर उशीर झालाच आहे. मात्र भरणाच्या कडेला दिसणारी प्रत्येक काळी रेघ म्हणजे कीड नव्हे. चांदीमुळेही दात करडा दिसतो. ते ठरवायला डॉक्टरांचा आरसा आणि गरज पडली तर क्ष-किरण चित्र लागते. चॉकलेटचा चंदेरी कागद चांदीच्या दाढेखाली आला की झिणझिणी येते, तीही बिघाडाची खूण नाही. दोन धातू आणि मध्ये खारट लाळ, असा तो तोंडातला विद्युतघट आहे.

येथे उलट बाजूही सांगितली पाहिजे. जुने दिसते म्हणून प्रत्येक भरण काढून नवे घालावे, असे सुचवणारेही असतात. मला ते पटत नाही. भरण काढताना थोडा निरोगी दातही कोरला जातो, आणि दरवेळी खड्डा मोठा होतो. फक्त कड खराब असेल तर तेवढीच दुरुस्त करता येते, आणि आजचा दंतशास्त्राचा कल तिकडेच आहे. "काढायलाच हवे का? तेवढीच दुरुस्ती नाही का होणार?" असे डॉक्टरांना नम्रपणे विचारायला हरकत नाही.

पाऱ्याची भीतीही अशीच ताणली जाते. पारा वातावरणात सोडणे घातक आहे, म्हणून मिनामाता करार झाला आणि भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला. पंधरा वर्षांखालील मुलांत पारदमेल वापरू नये, असे आता त्या करारात धोरण आहे, आणि ते योग्यच आहे. पण तोंडात शाबूत बसलेली चांदी भीतीपोटी उकरून काढली, तर त्या उकरण्यातच पाऱ्याची वाफ जास्त निघते.

भरण पडलेच तर कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा, त्या बाजूने चावू नका आणि चार-दोन दिवसांत दाखवा. लवंगेच्या तेलाचा बोळा तात्पुरता चालेल; डॉक्टरांचे तात्पुरते भरणसुद्धा लवंगेतले युजेनॉल आणि जस्ताचे ऑक्साइड कालवूनच होते. खड्ड्यात झटपट चिकटणारा गोंद, तंबाखूची राख, वेदनाशामक गोळी यांपैकी काहीही घालू नका. गोळीने हिरडी भाजते. भुईरिंगणीच्या बियांचा धूर देऊन किडे पाडणारे अजूनही बाजारात भेटतात. दातात किडे नसतातच, तेव्हा ते पडणार कुठून? गालावर सूज आणि ताप असेल तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

जायचे कुठे? अनेक वर्षे वऱ्हाडातल्या माणसाला १९६८ साली स्थापन झालेल्या नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाकडे पाहावे लागे. आता अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे दंत महाविद्यालये आहेत, आणि अशा रुग्णालयांत खर्च सहसा कमी येतो. प्रश्न उरतो तो मेळघाटाचा. धारणीहून अमरावती म्हणजे घाट उतरून दीडशे किलोमीटरांच्या आसपास. तेथे मला १९८० नंतरच्या दशकात टांझानियात पुढे आलेली पद्धत योग्य वाटते. वीज नको, यंत्र नको. हाताच्या अवजारांनी कीड खरवडायची आणि दाताला चिकटणारे, फ्लोराइड सोडणारे काचयुक्त सिमेंट भरायचे. ते लवकर झिजते, म्हणून तेथे फेरतपासणी अधिकच हवी.

शिक्षकांना एक विनंती. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. त्याचे पथक शासकीय आणि अनुदानित शाळांत येऊन मुलांचे दातही पाहते. पथक येण्यापूर्वी वर्गात एक कागद फिरवा आणि प्रत्येकाने कोणती दाढ, कोणत्या साली, कशाने भरली ते लिहू द्या. आठवत नसेल तर घरी विचारून यायला सांगा. तो कागद पथकातल्या डॉक्टरांच्या हातात द्या, आणि पुढच्या वर्षीसाठी त्याची एक प्रत कपाटात ठेवा.