गायकवृंदासाठी गिटार: थोड्या पैशात सेमी-हॉलो घेताना



ईस्टरच्या रात्री आमच्या चर्चमध्ये काय झालं ते हजर असलेल्यांना आठवत असेल. गौरवगीत सुरू झालं, घंटा वाजल्या, दिवे लागले, आणि तेवढ्यात गिटारने अशी किंकाळी फोडली की पुढच्या बाकांवरची तान्ही मुलं रडायला लागली. वाजवणाऱ्या पोराचा त्यात काही दोष नव्हता. आमची गिटार जुनी अकूस्टिक, तिच्या पोटात मागाहून बसवलेला पिकअप, आणि स्पीकर तिच्यापासून चार हातांवर. स्पीकरचा आवाज पोकळ पोटात शिरतो, पोट थरथरतं, ती थरथर पिकअप पुन्हा स्पीकरकडे पाठवतो, आणि असं फिरत फिरत प्रकरण किंकाळीपर्यंत जातं. मी गायकवृंदाच्या वायरी, स्टँड आणि पुस्तकं सांभाळणारा माणूस, म्हणून बोलणी मी खाल्ली.

आता नवी गिटार घ्यायची ठरली आहे. नाताळातल्या कॅरलचे उरलेले पैसे, महिला मंडळाने विकलेल्या नेवऱ्यांचे पैसे आणि दाराजवळच्या डब्यातली चिल्लर मिळून ३८,४०० रुपये झाले. चिल्लर मी स्वतः मोजली. विधवेच्या दोन दमड्यांची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो, पण पाच-पाच रुपयांची नाणी चळत लावून मोजताना ती जरा निराळी ऐकू येते. म्हणून या पैशांची गिटार कशी घ्यावी यावर माझं मत ठाम आहे आणि ते लिहून टाकतो.

बैठकीत दोन तट पडले. मोठ्यांचं म्हणणं, चर्चमध्ये अकूस्टिकच शोभते. पोरांचं म्हणणं, भरीव लाकडाची इलेक्ट्रिक घ्या, शिट्टीची कटकटच नको. दोघांचंही अर्धं बरोबर आहे. मला हवी आहे ती मधली, सेमी-हॉलो. बाहेरून ती व्हायोलिनच्या थोरल्या बहिणीसारखी दिसते. अंगावर इंग्रजी एफसारखी दोन छिद्रं, दोन्ही बाजू पोकळ. मधोमध मात्र मानेपासून शेपटीपर्यंत लाकडाचा भरीव ठोकळा असतो. आवाजातला हवेशीर गोडवा पोकळ बाजूंचा, आणि शिट्टीला लगाम ठोकळ्याचा.

ही कल्पना जुनी आहे. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये लेस पॉल यांनी चार इंची पाइनच्या ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवून पाहिले. वाजायला उत्तम, पण दिसायला ओंडकाच. लोकांना ती गिटार वाटेना. मग त्यांनी एपिफोनची एक गिटार उभी कापून तिचे दोन पंख ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना जोडले, आणि तेच वाजवणं लोकांना आवडायला लागलं. पुढे १९५८ मध्ये मिशिगनमधल्या कालामाझूच्या गिब्सन कारखान्यातून ईएस-३३५ निघाली. टेड मॅकार्टी तेव्हा कंपनीचे प्रमुख होते. आज बाजारात दिसणाऱ्या बहुतेक स्वस्त सेमी-हॉलो तिच्याच लेकी-नाती आहेत.

आमच्यातल्या एका जाणत्याने विचारलं, “स्वस्त गिटार म्हणजे प्लायवूडच की?” होय, प्लायवूडच. मूळ ईएस-३३५ चं अंगसुद्धा पातळ पदर चिकटवून दाबलेल्या लाकडाचंच आहे, आणि ती लाखांत विकली जाते. उलट आमच्या बेळगावच्या हवेत मला हेच बरं वाटतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, आणि मार्चमध्ये ओठ फुटतात. अखंड लाकडाची फळी या ओढाताणीत फुगते, आक्रसते, कधी तडकते. पदरांचं लाकूड त्यामानाने गप्प बसतं. प्लायवूड ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

दुकानात पहिली गोष्ट पाहायची ती ठोकळा. मोबाइलचा टॉर्च छिद्रातून आत मारा. आत लगेच लाकडाची भिंत दिसली तर ठोकळा आहे. एका छिद्रातून मारलेला उजेड दुसऱ्यातून बाहेर आला तर ती पूर्ण पोकळ आहे, दुकानदार काहीही म्हणो. बोटाने टकटक करूनही कळतं. मध्ये बद्द आवाज येतो आणि कडेला ढोलकीसारखा. ही फसगत सहज होते, कारण दिसायला दोन्ही सारख्याच. एपिफोनची कसिनो पाहून सगळे तिला सेमी-हॉलो म्हणतात, पण ती आतून रिकामी असते. ग्रेचच्या स्ट्रीमलाइनर मालिकेत जी २४२० पोकळ आहे आणि जी २६२२ ठोकळ्याची. पोकळ गिटार वाईट असते असं नाही, पण आमचा स्पीकर चार हातांवर आहे. बी. बी. किंगसारखा उस्ताद या छिद्रांत फडकी कोंबून वाजवायचा, आणि १९८० मध्ये त्याच्या नावाची गिटार निघाली तेव्हा तिला छिद्रंच ठेवली नाहीत. ठोकळा असूनही आवाज फार वाढवला तर शिट्टी येते. आपल्या चर्चला लागतो तेवढ्या आवाजात येता कामा नये. दुकानातल्या अॅम्पसमोर उभं राहून तेवढा आवाज लावून पाहावा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

दुसरी गोष्ट पोरं कधीच पाहत नाहीत आणि तिच्यावरच मी जास्त वेळ घालवणार आहे. ती म्हणजे आतली वायरिंग. भरीव इलेक्ट्रिकला मागे किंवा पुढे झाकण असतं. चार स्क्रू काढले की सगळं समोर. सेमी-हॉलोला बहुधा असं झाकण नसतं. एखादा नॉब खरखरायला लागला, की दुरुस्ती करणारा प्रत्येक भागाला दोरा बांधतो, सगळा गुंता छिद्रातून बाहेर ओढतो, डाग लावतो, आणि पुन्हा दोऱ्याने ओढून एकेक भाग आपापल्या भोकात आणतो. विहिरीत पडलेली बादली गळाने काढण्यातलाच प्रकार. मजुरी त्याप्रमाणे लागते. म्हणून दुकानात चारही नॉब शून्यापासून पूर्ण, पुन्हा शून्य, असे सावकाश फिरवायचे. स्विच तिन्ही ठिकाणी दहा-दहा वेळा टाकायचा. वायर लावून सॉकेटजवळ थोडी हलवायची. कुठे खरखर आली, आवाज तुटला, तर ती गिटार कितीही देखणी असो, तिथेच ठेवायची. गिटार विकत घेणं एकदाच होतं, पण असली दुरुस्ती दर वर्षी आपल्या गळ्यात पडू शकते.

पिकअप हंबकर असावेत. त्यात दोन वेटोळी उलटसुलट जोडलेली असतात, त्यामुळे ट्यूबलाइट आणि विजेच्या वायरींची घरघर एकमेकांत मरते. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला. आमच्या चर्चची वायरिंग ज्यांनी पाहिली आहे त्यांना याहून जास्त सांगायला नको.

मग दांडी. तळहात दांडीच्या कडेने वरून खाली फिरवा. फ्रेटची टोकं टोचत असतील तर लाकूड सुकून आक्रसलं आहे. थोडं असेल तर घासून जातं. सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्याजवळ तार आणि फ्रेट यांच्यात एखाद-दोन कागद जातील इतकी फट हवी. बाराव्या फ्रेटवर तार दाबून आणि तिथेच नुसती स्पर्श करून, दोन्ही स्वर ट्यूनरवर जुळतात का तेही पाहावं. खुंटी पिळताना नटपाशी टिक असा आवाज झाला तर तार खाचेत अडकते आहे. शिसपेन्सिलीचं टोक खाचेत घासलं की बहुतेक वेळा भागतं. हे उपाय माझे नव्हेत. मडगावकडच्या लग्नांच्या बँडमध्ये तीस वर्षं वाजवलेल्या एका मित्राने फोनवर शिकवले. तो जुनी घ्यायला सांगतो. जुनी एपिफोन डॉट मिळाली तर डोळे मिटून घे म्हणाला, आणि लगेच पुढे म्हणाला, डोळे मिटू नकोस, नटच्या मागे मानेवर केसासारखी रेघ आहे का बघ. या गिटारींचं डोकं मागे कललेलं असतं. पडली की बरोबर तिथेच मोडते. चिकटवलेली मान वर्षानुवर्षं टिकतेही, पण तिची किंमत मोडलेल्या मानेची असावी.

नावाबद्दल थोडं. आखातात असलेल्या आमच्या एका माजी गायकाने प्रेमाने एक दुवा पाठवला: वीस हजारांत नवी कोरी गिब्सन. अशी गिब्सन नसते. ती नक्कल असते, आणि चर्चमध्ये नक्कल नावाखाली गौरवगीत वाजवणं मला तरी जड जाईल. आमच्या रकमेत आयबानेझची आर्टकोर मालिका बसते, त्यातली एएस५३ किंवा सवलतीत सापडली तर एएस७३. आर्टकोर २००२ पासून निघते, आणि साध्या वादकांच्या हाती मी ती बरीच पाहिली आहे. नव्या गिटारवर ३२,००० च्या वर जाऊ नये असं मी बैठकीत सांगितलं. उरलेल्यात सेटअप, तारांचे दोन संच, चांगली वायर आणि जाड अस्तराची पिशवी. यावर कुरबूर झाली. सगळे पैसे गिटारला घाला, जरा भारी येईल, असं खजिनदारांचं मत. मला विचाराल तर नीट सेटअप केलेली साधी गिटार दुकानातून तशीच उचललेल्या भारी गिटारपेक्षा बोटांना हलकी लागते, आणि आमचा वादक सतरा वर्षांचा आहे.

त्याच्याबद्दल लिहायचं राहिलंच. बारावीचं कॉलेज, संध्याकाळी वडिलांच्या गॅरेजमध्ये हातभार, आणि सराव रात्री दहानंतर. घर दोन खोल्यांचं, भिंतीपलीकडे शेजारी. अकूस्टिक वाजवली की शेजारी भिंत ठोकतात. भरीव इलेक्ट्रिक अॅम्पशिवाय इतकी बारीक वाजते की आपलं आपल्यालाच धड ऐकू येत नाही. सेमी-हॉलो पोकळ बाजूंमुळे अॅम्पशिवायही वाजवणाऱ्याच्या कानापुरती बोलते. माझ्या लेखी या गिटारच्या बाजूने सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आणि बैठकीत ते कोणीच मांडलं नव्हतं. मी मांडलं तेव्हा खजिनदार म्हणाले, “म्हणजे गिटार त्याच्या घरी जाणार? चर्चची वस्तू सॅक्रिस्टीच्या कपाटात कुलपात राहते.”

मला हे पटत नाही. त्याच कपाटात आमचं जुनं हार्मोनियम राहिलं होतं, आणि दोन पावसाळ्यांत त्याचा भाता कुजला. रविवारी तास-दीड तास वाजवायला म्हणून आठवडाभर कुलपात ठेवलेली गिटार कोण शिकणार? डब्यात नाणी टाकणाऱ्यांनी गाणं ऐकायला टाकली. मी फादरांना सुचवलं आहे की वहीत नोंद करून गिटार सोमवारी त्याने न्यावी, शनिवारी संध्याकाळच्या सरावाला आणावी. पडली-झडली तर जबाबदारी मी घेतो असंही सांगितलं. फादर हसले आणि म्हणाले, “आधी घेऊन तर या.”

येत्या शनिवारी आम्ही दुकानात जातो आहोत, मी, तो पोरगा आणि खजिनदार. पोराला मी सांगून ठेवलं आहे, तू फक्त वाजव आणि बसून-उभा राहून खांद्यावर वजन बघ, या गिटारी साडेतीन किलोच्या आसपास भरतात. पोराने विचारलं, “काका, रंग लाल मिळेल का?” मी म्हटलं, नॉब खरखरले नाहीत तर लाल घेऊ.