नाताळात मुंबई पाहताना

गुजरातेतील आमच्यासारख्या सरकारी शाळांना मोठी सुट्टी काय ती दिवाळीची. नाताळाच्या वाट्याला पंचवीस डिसेंबरचा एकच दिवस येतो, आणि आमच्या वस्तीत तोही ‘कसली तरी सुट्टी’ एवढ्याच नावाने ओळखला जातो. मात्र डिसेंबर हा सहलींचा महिना खरा. या दिवसांत पहाटे कडोदऱ्याच्या चार रस्त्यावर उभे राहावे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-बारडोलीचा रस्ता एकमेकांना छेदतात तेथे, ट्रकांच्या रांगांमधून वाट काढीत, मुलांच्या गलक्याने भरलेल्या बसगाड्या सापुताऱ्याकडे नाही तर नर्मदेकडे निघालेल्या दिसतात.

गेल्या डिसेंबरात आम्ही सापुतारा रद्द करून मुंबई ठरविली. सुरतेहून मुंबई अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. आमच्या अडतीस मुलांपैकी पाच-सहांनीच ती पाहिली होती. बाकीच्यांचे आईबाप धुळे, नंदुरबार, साक्री, शिरपूर या बाजूंनी ताप्ती व्हॅलीच्या रेल्वेने चलथाण-उधन्याला उतरले आणि गिरण्यांत, यंत्रमागांवर राबू लागले. त्यांचे येणे-जाणे गावाकडे. मराठी मुलांनी मुंबई पाहू नये हे आम्हांस बरे वाटेना. त्यातून तीस एप्रिल १९६० पर्यंत सुरत आणि मुंबई एकाच राज्यात होत्या, ही गोष्ट आजच्या मुलांना सांगितली तर ती आमच्याकडे थट्टा चालविल्यासारखी पाहतात.

तारीख चोवीस-पंचवीस निघाली आणि एक पालक शाळेत आले. रंगाईच्या गिरणीत काम करणारे, सरळ स्वभावाचे गृहस्थ. म्हणाले, “गुरुजी, मुंबई दाखवा, ना नाही. पण नेमके नाताळातच कशाला? तो सण आपला नाही. पोरीला तिकडे काय दाखवणार?” आम्ही म्हटले, “मुंबईच दाखवणार. सण तेथे आहे, तो झाकून कसा ठेवावा?” हे उत्तर त्यांस पटले असे काही दिसले नाही. पैसे त्यांनी शेवटच्या दिवशी भरले, आणि अंडे घातलेला कोणताही पदार्थ खाऊ नये अशी ताकीद मुलीस आमच्यादेखत दिली.

फ्लाइंग राणीचा दुमजली डबा मुलांना दाखवावा अशी हौस होती. १९७९ साली लागलेले ते डबे २०२३ च्या जुलैत निघाले. म्हणून वरच्या मजल्याची गंमत आम्हांला केवळ वर्णनानेच भागवावी लागली. डहाणू मागे पडले तसा फलाटांवरील पाट्यांत बदल झाला. मुले पाट्या मोठ्याने वाचू लागली. शाळेतली लिपी प्रत्यक्ष स्टेशनावर भेटते याचा त्यांना झालेला आनंद महाराष्ट्रातील वाचकास कदाचित उमगणार नाही. आपल्या वाचकांस तो सांगण्याची गरज नाही.

चर्चगेटला उतरताच पहिला प्रश्न आला, “गुरुजी, यात चर्च कुठे आणि गेट कुठे?” प्रश्न रास्त होता. मुंबईचा कोट उभा असताना त्याला तीन वेशी होत्या. त्यांतली एक सेंट थॉमसच्या देवळाकडे जाई, म्हणून ती चर्च गेट. कोटाच्या भिंती १८६० नंतरच्या दशकात पाडल्या गेल्या आणि वेशीच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटनचे कारंजे उभे राहिले. आम्ही स्टेशनापासून सरळ पूर्वेकडे चालत निघालो. कारंज्याजवळ हुतात्मा स्मारकापाशी थांबलो. तेथे संयुक्त महाराष्ट्राची हकीकत सांगताना शेजारून जाणारा एक मनुष्य उगाच थांबून ऐकू लागला, त्यामुळे आमचा आवाज किंचित चढला असावा. तसेच पुढे गेल्यावर डाव्या-उजव्या इमारतींत दबून गेलेले ते जुने देऊळ आले. दारावर हिरव्या पानांची तोरणे, आत संगमरवरी स्मृतिशिला, बाकांवर कोणी तरी पुस्तके मांडीत होते.

हे देऊळ १७१८ च्या नाताळाच्या दिवशीच प्रार्थनेसाठी खुले झाले. त्याची कथा मात्र आमच्या सुरतेपासून सुरू होते. इंग्रजांची मोठी वखार सुरतेस होती आणि मुंबईचा कारभार तेथून चाले. गव्हर्नर जेराल्ड आँजियरने मुंबईत देऊळ बांधण्याचा मनसुबा केला. तो १६७७ मध्ये सुरतेसच वारला आणि काम पुढे कित्येक वर्षे अर्धवट भिंतींवर अडून राहिले. कंपनीचे ठाणे १६८७ मध्ये सुरतेहून मुंबईस हलले, तेव्हापासून एक शहर वाढत आणि दुसरे ओसरत गेले. मुंबईच्या वाटेवरील मैलाचे जुने दगड याच देवळापासून मोजीत, हे सांगितल्यावर एका मुलाने पायाखालची फरशी चपलेने दाबून पाहिली आणि विचारले, “म्हणजे शून्य इथे?”

संध्याकाळचा बांद्र्याचा हिल रोड आम्ही मुलांना दाखविला म्हणण्यापेक्षा गर्दीने दाखवू दिला नाही म्हणणे योग्य. कागदी तारे, लाल टोप्या, केकची दुकाने, आणि खांद्याला खांदा. मुलांच्या हातांची साखळी करून आम्ही अर्ध्या तासात परत फिरलो. नवख्या माणसाने मोठे शहर प्रथम सणाच्या रात्री पाहू नये, असे शिक्षकांपैकी एकीचे मत पडले. आमचे मत निराळे आहे. एरवी शहर कामात असते आणि पाहुण्याकडे पाहत नाही. सणाच्या रात्री ते दारात बसलेले सापडते.

गिरगावात ते आम्हांस सापडले. मुक्काम तेथे एका ओळखीच्या सभागृहात होता. जाताना भुलेश्वराच्या कापडबाजारातून गेलो, तर त्याच रंगपालकांची मुलगी एका दुकानासमोर थबकली. काचेत साडी होती. काठाला खडे आणि टिकल्या. “असली माझी आई करते,” ती म्हणाली. मग जवळ जाऊन तिने किमतीची चिठ्ठी वाचली आणि गप्प झाली. एका साडीला आईस काय मिळते हे दुसऱ्या मुलीने विचारले तेव्हा तिने सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

खोताची वाडी भुलेश्वराहून फार दूर नाही. लाकडी जिने, पुढे ओटी, अंगणात दिवे. अशी घरे आता हाताच्या बोटांवर मोजण्याच्या बेताला आली आहेत. दारोदारी ताऱ्याचे कंदील टांगलेले पाहून मुले म्हणाली, “यांची दिवाळी अजून उतरली नाही!” एका ओटीवर फुलाफुलांचा झगा ल्यालेल्या आजीबाई बसल्या होत्या. मुले त्यांच्याकडे पाहून आपसांत ‘गुड इव्हिनिंग’ म्हणावे की काय याची मसलत करीत होती, तोच त्यांनी विचारले, “कुठून आलात रे बाळांनो?” मुले दचकली. आमच्या मुलांना सुरतेत रोज विचारतात, ‘तुम्ही मराठी, मग गुजराती इतकी चांगली कशी?’ आणि त्या प्रश्नाचा त्यांना कंटाळा येतो. येथे नेमका तोच प्रश्न, उलट्या बाजूने, त्यांच्या ओठांवर आला होता. एकाने तो विचारलाही. आजीबाई हसल्या. “मग काय बोलू? माझ्या आजीची आजी हेच बोलायची.”

रात्री मुलांना या लोकांविषयी थोडे सांगितले. मुंबई, साष्टी, वसई येथील कोळी, कुणबी, आगरी अशा जुन्या रहिवाशांपैकी पुष्कळजण पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झाले. पुढे नोकरीसाठी गोव्याहून व मंगळुराहून ख्रिस्ती मंडळी मुंबईस आली, तेव्हा आपण येथलेच हे ठसविण्यासाठी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नाव कंपनीचे, भाषा मराठी. मराठीतील ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध आहे आणि ते १६१६ साली गोव्यात छापले गेले. कर्ता फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज. एम. ए. ला आम्ही हा ग्रंथ अभ्यासला तो परीक्षेपुरता. खोताच्या वाडीच्या ओटीवर तो आम्हांला प्रथमच कोणाच्या तरी घरातला वाटला.

पंचवीस तारखेस परतीच्या वाटेवर वसईस उतरलो. किल्ला पाहणे ठरलेलेच होते. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी तो घेतला, ही हकीकत मुलांना तोंडपाठ होती. पण किल्ल्यात मोडकळलेली देवळे इतकी असतील अशी त्यांची कल्पना नव्हती. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर जी प्रचंड घंटा आहे ती वसईच्याच लुटीतली, तिच्यावर १७२१ हे साल आहे. ती पाहिलेली दोन मुले निघाली आणि त्यांना एकाएकी फार महत्त्व आले. एकाने विचारले, “पोर्तुगीज गेले, मग इथले ख्रिस्ती कुठे गेले?” ते कोठे जाणार? केळीच्या बागा, पानवेली, शेते त्यांचीच होती. ते राहिले.

त्यांच्यापैकी एका निवृत्त शिक्षकांशी आमचा जुना पत्रव्यवहार. त्यांच्या अंगणात गवताने शाकारलेला गोठा मांडला होता. त्यात मातीची गाय, मेंढरे आणि बाळ. आमच्या खानदेशी मुलांनी प्रथम गायीची चौकशी केली. घरातल्या वृद्ध बाई आपसांत जे बोलत होत्या ते मुलांना अर्धे कळे, अर्धे निसटे. कोणती भाषा म्हणून विचारले तेव्हा शिक्षक म्हणाले, “आमची कादोडी.” अडतीस मुलांत असा काही हशा पिकला की यजमान गोंधळून गेले. कडोदऱ्याहून आलेल्या मुलांना ‘कादोडी’ भेटावी! ही केवळ नावांची गाठ, त्यात नाते काही नाही, हे आम्ही शिक्षकी पद्धतीने सांगून पाहिले. कोणी ऐकले नाही. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती मंडळींची, ज्यांना कुपारी म्हणतात त्यांची, ही बोली. त्यांचे पूर्वज गुजरातेकडून आले असे परंपरा सांगते आणि बोलीत गुजरातीची छटा आहे. मुले गुजराती वळणाचे शब्द टिपू लागली. सुरतेत ज्यासाठी कोणी शाबासकी देत नाही ते कान येथे उपयोगी पडले. वृद्ध बाई एक वाक्य बोलत, मुले अर्थ सांगत, आणि चुकले की सगळे घर हसे. हा खेळ तासभर चालला. मुंबईच्या दोन दिवसांत मुले इतकी मोकळी कोठेच झाली नाहीत, गेटवेपाशीही नाहीत.

यजमानांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या आठवणी सांगितल्या. वसईचे हे धर्मगुरू ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, हिरव्या वसईसाठी झगडलेले, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. जुलै २०२४ मध्ये ते गेले. त्यांची निवड झाली तेव्हा, धर्मगुरू आणि साहित्य संमेलन यांचा संबंध काय, असा वाद काहींनी घातला होता. आमच्या पालकांचा प्रश्न काही त्याहून फार वेगळा नव्हता. फक्त तो अधिक प्रामाणिकपणे, समोर येऊन विचारला होता, एवढाच फरक.

फराळात केक होता आणि नेवऱ्याही होत्या. नेवरी म्हणजे आपली करंजी, रवा-खोबऱ्याची. ती मुलगी ताट हाती धरून उभी राहिली. यजमानीण बाईंनी काय ते ओळखले आणि केक बाजूस सारून नेवरी पुढे केली. “यात अंडं नाही. खा.” निघताना त्यांनी तिच्या हाती कागदात बांधून आणखी चार नेवऱ्या दिल्या.

गाडीत जागा अपुरी, काहीजण पिशव्यांवर बसलेले. पालघर येईपर्यंत बहुतेक झोपली. ती मुलगी मात्र खिडकीशी जागी होती. म्हणाली, “गुरुजी, ते कादोडी बोलतात, आम्ही घरी अहिराणी बोलतो. वहीत लिहितो ती मराठी मग कोणाच्या घरी बोलतात?” आम्ही प्रमाणभाषा, बोली, छापखाने, शाळा असे बरेच काही सांगितले. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “म्हणजे कोणाच्याच नाही?” तोवर वलसाड आले आणि चहावाल्याच्या आरोळीने अर्धा डबा जागा झाला.

सुरतेच्या फलाटावर पालक आले होते. तिचे वडील रात्रपाळी सोडून आलेले, कपड्यांवर रंगाचे डाग. तिने पुडके उघडून पुढे धरले आणि आधीच सांगून टाकले, “अंडे नाही.” त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिले, नेवरी मोडली, अर्धी तिला दिली आणि उरलेली तोंडात टाकली.

“साखर कमी पडली,” ते म्हणाले, आणि दुसरी उचलली.