गावित की गामीत? एका अक्षराच्या अंतराचा प्रश्न

सुरत-धुळे महामार्गावरील कोंडाईबारीचा घाट उतरून पश्चिमेकडे निघाले की नवापूर तालुक्यातील विसरवाडी लागते. या परिसरातील कोणत्याही शाळेचा हजेरीपट किंवा गावाची मतदार यादी उघडली, तर एक आडनाव पानोपानी भेटते, ते म्हणजे गावित. त्याच्या मागेपुढे वळवी, वसावे, पाडवी, नाईक, कोकणी ही आडनावे येतात. हाच महामार्ग पुढे राज्याची सीमा ओलांडतो. पलीकडच्या सोनगड-व्यारा भागात तेच आडनाव 'गामीत' होते आणि 'वसावे'चे 'वसावा' होते. माणसे तीच, बोली बरीचशी तीच, सोयरीकही दोन्ही बाजूंनी. फरक पडतो तो एका अक्षराचा. मात्र दाखल्यांच्या आणि पडताळणीच्या आजच्या काळात हा एका अक्षराचा फरक किती महाग पडू शकतो, याचा विचार शहरी वाचकाने क्वचितच केलेला असतो.

भाषेच्या दृष्टीने पाहिले तर हा फरक स्वाभाविकच आहे. संस्कृत 'ग्राम'पासून गुजरातीत 'गाम' झाले आणि मराठीत 'गाव'. 'नाम'चे 'नाव' झाले ते याच नियमाने. गामीत आणि गावित या रूपांमधला भेद त्याच जातीचा आहे. या नावाचा संबंध सर्वसाधारणपणे गावाशी जोडला जातो. गावात स्थिरावलेला, शेती करून राहणारा तो गावित, असा त्याचा अर्थ लावतात. 'वसावे'चा संबंध 'वसणे', 'वसविणे' या क्रियेशी लावण्याचा प्रघातही याच धर्तीवरचा आहे. नाईक हे तर उघडच पद आहे. घाटवाटांची राखण करणाऱ्या भिल्ल टोळ्यांचे म्होरके नाईक म्हणविले जात. ब्रिटिशांनी १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारली, तीही या वाटांवरील सत्ता आपल्या हाती आणण्यासाठीच. १८५७ च्या उठावात याच भागात गाजलेले काजरसिंग ऊर्फ खाज्या नाईक हे त्याच परंपरेतले. पद गेले, आडनाव उरले.

आडनावे अशीच घडतात आणि जगभर घडत आली आहेत. इटलीत सर्वाधिक आढळणाऱ्या 'रोस्सी' या आडनावाचा अर्थ तांबूस केसांचा किंवा वर्णाचा असा आहे, तर मोटारींमुळे जगप्रसिद्ध झालेले 'फेर्रारी' हे मूळचे लोहाराचे आडनाव. नेपल्सच्या परिसरात विपुल असलेल्या 'एस्पोझितो'मागे तर अनाथालयाच्या दारात सोडून दिलेल्या अर्भकांची कहाणी आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहाच्या नोंदी ठेवणे चर्चना बंधनकारक केले आणि इटलीतील आडनावांना स्थैर्य येण्यास मोठा हातभार लागला. तात्पर्य, आडनाव जन्मते लोकांच्या तोंडी, पण पक्के होते ते नोंदवहीत. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात ती नोंदवही आधी महसूल खात्याची होती, मग शाळेची आणि आता संगणकाची आहे. आधार क्रमांकाच्या देशव्यापी वाटपाचा प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली गावात झाला, हा योगायोग या संदर्भात अर्थपूर्ण ठरतो.

आडनावाच्या लोकप्रियतेचे प्रतिबिंब राजकारणात पडणे साहजिकच होते. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. या राखीव लोकसभा मतदारसंघातून माणिकराव गावित १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून सलग नऊ वेळा निवडून गेले. २०१४ मध्ये त्यांचा पराभव करणाऱ्या भाजपच्या डॉ. हीना गावित यांचे आडनावही तेच. घराणे वेगळे, पक्ष वेगळा. आडनाव मात्र एकच. २०२४ मध्ये काँग्रेसचे गोवाल पाडवी विजयी झाले, तेव्हा चार दशकांहून अधिक काळाने या मतदारसंघाच्या खासदाराचे आडनाव बदलले.

गोष्ट येथे संपली असती तर ती केवळ रंजक ठरली असती. परंतु या आडनावांचे एक वैशिष्ट्य असे, की त्यांतील काही थेट अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. महाराष्ट्राच्या यादीत गामित, गामता, गावित, मावची, पाडवी ही नावे एकाच नोंदीत आहेत. वसावा, वसावे ही नावे भिल्लांच्या नोंदीत येतात, तर वळवी हे धानका जमातीच्या नोंदीत. म्हणजे येथे आडनाव आणि जमातीचे नाव यांची सरमिसळ कायद्यातच झाली आहे. व्यवहारात मात्र आडनाव जमातीची सीमा पाळत नाही. सुरगाणा-पेठ भागातील गावित कोकणा असतात, तर नवापूरकडील अनेक गावित मावची. नाईक हे आडनाव भिल्लांमध्ये आहे, बंजारा समाजात आहे आणि गोव्यातही घरोघरी आहे. पवारांची गोष्ट याहून निराळी नाही. आडनावावरून जमात ओळखू पाहणाऱ्याची फसगत ठरलेलीच.

ही फसगत काहींनी जाणीवपूर्वक केली, असा आदिवासी संघटनांचा जुना आक्षेप आहे. १९७६ च्या कायद्याने जमातींच्या यादीतील क्षेत्रबंधन उठले. त्यापूर्वी ठाकूर जमातीला काही ठरावीक जिल्ह्यांतच सवलती मिळत. बंधन उठल्यावर नामसाधर्म्याच्या आधारे दावे करणाऱ्यांची रांग लागली. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये माधुरी पाटील प्रकरणात दाखल्यांच्या तपासणीची रीतसर पद्धत घालून दिली. २००० मध्ये मिलिंद प्रकरणात यादीत नसलेले नाव न्यायालयाने अर्थ लावून घुसवता येणार नाही, असे स्पष्ट झाले, तर २०१७ मध्ये खोट्या दाखल्यावर मिळविलेल्या नोकरीला संरक्षण नाही, असा निर्वाळा मिळाला. 'धनगर' आणि 'धनगड' हे एकच असल्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये फेटाळला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी अन्य आदिवासी आमदारांसह मंत्रालयातील संरक्षक जाळीवर उडी घेतली. एका अक्षरावरून राज्याचे राजकारण ढवळून निघू शकते, हे तेव्हा महानगरांनाही दिसले.

परंतु चाळणी बारीक झाली, की कोंड्याबरोबर दाणाही अडकतो. जमातीच्या दाव्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदींना मोठे महत्त्व असते. ज्या कुटुंबात आजोबांनी शाळेचे तोंडही पाहिले नाही, त्याने तो कागद आणावा कोठून? जमातीचा दर्जा राज्यनिहाय असल्याने सीमेवरचा प्रश्न अधिकच बिकट होतो. नवापूर रेल्वे स्थानकाचा फलाटच महाराष्ट्र आणि गुजरात यांत विभागलेला आहे. ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबातील मुलाच्या एका कागदावर 'गामीत' आणि दुसऱ्यावर 'गावित' असे लिहिले गेले, तर दोन्ही नावे यादीत असूनही तो एकच मुलगा आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावरच येते. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी प्रवेशाची मुदत त्याच्यासाठी थांबत नाही.

बोलीभाषा, दैवते, रूढी यांचे प्रश्न विचारून जमात ठरविण्याच्या आप्तभाव चाचणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये म्हटले, की ती अंतिम कसोटी मानता येणार नाही. शहरात वाढलेल्या मुलाला देवमोगरा मातेच्या पूजेचा तपशील सांगता आला नाही, म्हणून त्याची जमात पुसली जात नाही, हाच त्याचा मथितार्थ. परंतु आडनाव पुरेसे नाही आणि चाचणीही निर्णायक नाही, तर उरतात त्या जुन्या नोंदी. त्या शोधण्याचे काम अर्जदारावर न टाकता महसूल आणि शिक्षण खात्यांनी आपली दप्तरे संगणकावर आणून, गामीत-गावितसारखी पर्यायी रूपे आधीच जोडून ठेवली, तर बनावट दाव्यांना पायबंद बसेल आणि खऱ्या आदिवासीची पायपीटही वाचेल. सीमेवरील दोन्ही राज्यांनी एकत्र येऊन करण्याजोगे हे काम आहे.

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा नकाशावर ओढलेली रेषा या डोंगरातल्या माणसांच्या आडनावामधूनही गेली. त्यांनी ते आडनाव दोन्ही बाजूंना, दोन उच्चारांत, टिकवून धरले. आता सरकारी दप्तराने ती दोन रूपे एकाच घराची आहेत, एवढे ओळखावे, ही अपेक्षा फार मोठी म्हणता येणार नाही.