पंखा थांबला की विस्तव विझला पाहिजे

कोळशाच्या स्मोकरला कुठला कंट्रोलर लावावा, असं मला पीथमपूरचे जुने सहकारी अधूनमधून विचारतात. तिथल्या कारखान्यांत भट्ट्यांची तापमान-उपकरणं सांभाळण्यात माझी नोकरी गेली. आता मी मानपुरात राहतो आणि मागच्या अंगणात दोनशे लिटरच्या लोखंडी ड्रममध्ये लोणारी कोळशावर मांस धुरवतो. विचारणाऱ्यांच्या हातात बहुधा मोबाइल असतो आणि त्यावर एखाद्या देखण्या परदेशी यंत्राचं चित्र. मोबाइलवर आलेख दिसतो, घरात बसून तापमान बदलता येतं, हे सगळं खरं आहे. पण मी आधी एकच विचारतो: हे यंत्र बिघडलं तर तुमचा विस्तव वाढेल की विझेल?

माळव्यात आगीवर नजर ठेवणारी माणसं कमी नाहीत. गोवऱ्यांच्या राखेत बाफले भाजणारी बाई निखाऱ्याचा रंग बघून सांगते, अजून थांबा. पण बाफले तासाभरात होतात. जून कडकनाथ कोंबडा तसा होत नाही. झाबुआच्या या काळ्या कोंबडीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मागणी वाढली. तिचं मांस मात्र चिवट आणि बिनचरबीचं. ते 110 ते 120 अंश सेल्सिअसवर कित्येक तास शिजवलं तर नरम येतं. उष्णता 160 वर गेली की वरून वाळतं आणि आतून तसंच राहतं. इतका वेळ ड्रमपाशी बसून झडप खालीवर करणं कुणालाही जमत नाही, म्हणून कंट्रोलर लागतो. कोंबडीच्या जाडसर भागात, हाडाला न टेकवता, तापमान 74 अंशांवर गेल्याशिवाय ती खाऊ नये, म्हणून मांसात खुपसायचा वेगळा सेन्सरही हवाच.

कंट्रोलर करतो काय? तो लोहाराच्या भात्याचं काम करतो. जाळीजवळचा सेन्सर उष्णता मोजतो, ती कमी पडली की छोटा पंखा निखाऱ्यांवर हवा फुंकतो, पुरेशी झाली की थांबतो. कल्पना चारशे वर्षांची आहे. 1633 मध्ये वारलेल्या कॉर्नेलिस ड्रेबेल या डच माणसाने भट्टीची हवा उष्णतेनुसार आपोआप कमीजास्त होईल अशी व्यवस्था बसवली होती, आणि तीच युक्ती त्याने अंडी उबवायलाही वापरली.

यात एक अडचण अशी की पंखा उष्णता वाढवू शकतो, उतरवू शकत नाही. एकदा सगळा कोळसा पेटला की महागातला महाग कंट्रोलरही नुसता आकडा दाखवत बसतो. म्हणून यंत्रावर पैसे घालण्याआधी ड्रमवर घाला. झाकणाच्या कडेला उष्णता सोसणारी दोरी लावा, फटी बुजवा. वरचं धुराडं थोडंसंच उघडं ठेवा. पंख्याच्या तोंडाला झडप हवी, नाहीतर बंद पंख्यातूनही हवा आत खेचली जाते. मानपूरला घाटाकडून वारा येतो, तेव्हा हे फार जाणवतं. पंखाही लहानच घ्यावा, मिनिटाला पाच-दहा घनफूट हवा देणारा. मोठा पंखा राख उडवतो आणि ती मांसावर बसते. कोळसा थंड रचून वर मूठभरच पेटते निखारे ठेवावेत आणि तापमान खालून हळूहळू चढू द्यावं. ड्रम जुना असेल तर आतला रंग आणि लेप आधी जाळून, घासून काढा, त्यात रसायन भरलेलं असेल तर तो ड्रम स्वयंपाकाला घेऊच नका.

ड्रम नीट बंद झाला की साधा कंट्रोलर पुरतो. माझं मत स्पष्ट आहे: कारखान्याच्या पॅनेलवर बसतो तो पीआयडी कंट्रोलर घ्या. सेलेक किंवा मल्टीस्पॅनसारख्या आपल्याकडच्या कंपन्यांचे असे कंट्रोलर बाजारात असतात आणि इंदूरच्या महाराणी रोडवर विजेच्या सामानाची दुकानं ओळीने आहेत. फायरबोर्ड, फ्लेम बॉस ही अमेरिकन यंत्रं वाईट नाहीत. पण सेन्सर जळाला तर तो परदेशातून मागवत बसायचं, आणि इंटरनेट गेलं की निम्म्या सोयी गेल्या. पॅनेलच्या कंट्रोलरचा के-टाइप सेन्सर इथेच मिळतो आणि पीथमपूरचा कुठलाही इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक तो बदलून देतो. वीज जाते त्यासाठी छोटी बारा व्होल्टची बॅटरी ठेवावी, पंखा त्यावर चालतो. कंट्रोलरही बारा किंवा चोवीस व्होल्टवर चालणारा मिळाला तर बघा.

जोडणीत दोन जागी माणसं फसतात, आणि दोन्ही ठिकाणी परिणाम एकच, पंखा थांबत नाही. अमेरिकी पद्धतीच्या के-टाइप वायरमध्ये लाल तार ऋण असते. आपला इलेक्ट्रिशियन सवयीने लाल तार धन समजून जोडतो. मग ड्रम तापेल तसा आकडा उतरतो, कंट्रोलरला वाटतं विस्तव मंदावला, आणि तो फुंकतच राहतो. दुसरी जागा म्हणजे पंखा चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले. एसीसाठी बनवलेला रिले बारा व्होल्ट डीसीच्या पंख्याला लावला तर एकदा चालू झालेला पंखा बंदच होत नाही. डीसीला डीसीचाच रिले हवा, किंवा साधा टकटक वाजणारा रिले लावावा. असा सुटलेला ड्रम मी पाहिला आहे. पत्रा लाल झाला होता आणि शेजारी कडबा रचलेला होता.

वाऱ्या-पावसामुळे पुष्कळजण स्मोकर पडवीत किंवा गॅरेजमध्ये नेतात. तसं अजिबात करू नका. मंद जळणारा कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला रंग नाही, वास नाही. कंट्रोलर जितका चांगला, तितका विस्तव मंद आणि तितका माणूस निर्धास्त होऊन तिथेच झोपण्याचा धोका मोठा. स्मोकर उघड्यावरच ठेवा आणि वरून पत्र्याचा आडोसा करा.

आता खरेदीला जाल तेव्हा एवढं करा. दुकानदाराला कंट्रोलर सुरू करून दाखवायला सांगा, पंखा फिरू द्या आणि सेन्सरची एक तार सोडा. पडद्यावर सेन्सर तुटल्याची सूचना येऊन पंखा थांबला पाहिजे. थांबला नाही, तर तो कंट्रोलर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.