तिन्नावा?

परवा न्यू जर्सीहून एका नगरकर मित्राचा फोन आला. पोराला मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीतच देतं, म्हणून साहेब हळवे झाले होते. "आपली भाषा आपल्या डोळ्यांदेखत चाललीय रे!" मीही दोन-चार सुस्कारे टाकले. फोन ठेवल्यावर आठवलं, अरे, हा सिनेमा आपण नगरमध्येच बघितलाय. (२०२४ पासून अहिल्यानगर. जिभेला अजून सवय नाही.)

नगरमध्ये पद्मशाली समाज मोठा. मूळचे तेलंगणाकडचे विणकर. सोलापूर, भिवंडीला गेले तसे इथेही आले. पुढे घरोघरच्या बायका विड्या वळायला लागल्या. घरात तेलुगू, दारात मराठी. आमच्या वर्गातल्या अशाच एका मुलाची आजी, म्हणजे त्याची नायनम्मा, मधल्या सुट्टीत फाटकाशी येऊन विचारायची, "तिन्नावा?" म्हणजे, खाल्लंस का? झालं! वर्षभर पोराचं नाव तिन्नावा. वर आमचं 'यंडुगुंडू' होतंच. आधी तो तिला मराठीत उत्तरं द्यायला लागला. मग म्हणाला, शाळेत येत जाऊ नकोस. आज त्याच्या मुलीला तेलुगूचं एक वाक्य जुळवता येत नाही.

आता कुणीतरी म्हणेलच, महाराष्ट्रात राहायचं तर मराठी आलीच पाहिजे. अहो, त्याची मराठी तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली आहे! पण मराठी इन्स्टॉल करायला तेलुगू अनइन्स्टॉल करावी लागते, हे कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय? तंजावरला व्यंकोजीराजांच्या काळापासून वसलेल्या कित्येक घरांत साडेतीनशे वर्षांनंतरही मराठी बोलतात, आणि बाहेर झकास तमिळ. त्यांचं कौतुक सांगताना आपला ऊर भरून येतो. नगरच्या आजीनं तेच केलं की यंडुगुंडू!

आणि अभिजात दर्जाचं म्हणाल, तर तेलुगूला तो २००८ सालीच मिळालाय. आपल्याला २०२४ मध्ये. फाटकाशी उभ्या असलेल्या आजीला त्याचा काय उपयोग झाला? जोशुआ फिशमन नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं १९९१ च्या पुस्तकात हेच मांडलंय: घरात मोठ्यांकडून पोरांकडे भाषा जायची थांबली, की नुसत्या शाळांनी आणि सरकारी मानानं ती टिकत नाही. तिकडची महाराष्ट्र मंडळं वीकएंडला मराठी शाळा चालवतात, मनापासून चालवतात. पण सोमवारी वर्गात कुणी फिदीफिदी हसलं, की रविवारचा धडा गेला पाण्यात.

मित्राला पुन्हा फोन केला. म्हटलं, पोराच्या मराठीला वर्गात कुणी हसतं का रे? म्हणाला, हसतात ना, म्हणूनच बोलत नाही तो. फार चिडला होता त्या पोरांवर.

"तिन्नावा आठवतो?" मी विचारलं.

थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग ग्रीन कार्डचा विषय काढला.