भाजताना उमटणारी नक्षी

टोस्टरमध्ये ब्रेडच्या कापावर फूल, चांदणी, हसरा चेहरा किंवा नावाचे आद्याक्षर उमटवणारी साधने रचनेने अगदी साधी असतात. पत्र्याच्या एका पातळ तुकड्यात हवा तो आकार कापलेला असतो आणि तो तुकडा तापलेल्या तारा व ब्रेड यांच्या मध्ये उभा राहतो. पत्रा जिथे आड येतो तिथे ब्रेड पांढरा राहतो, जिथे वाट मोकळी असते तिथे तो तांबूस होतो. काही टोस्टरांत हा आकार आतल्या जाळीलाच जोडलेला असतो. हॅलो किटीचा टोस्टर या प्रकारातला. त्यातून बाहेर येणाऱ्या कापावर मांजरीचा चेहरा असतो. ब्रिटनमधल्या ब्रुनेल विद्यापीठातील रॉबिन साउथगेट या विद्यार्थ्याने २००१ मध्ये याच कल्पनेला पुढे नेले. त्याचा टोस्टर इंटरनेटवरून हवामानाचा अंदाज घेई आणि सूर्य, ढग किंवा पाऊस यांपैकी त्या दिवसाला लागू पडणारे चित्र न्याहारीच्या ब्रेडवर भाजून देई.

ही खेळण्यातली गंमत म्हणून सोडून देण्याजोगी वस्तू नाही. भाजणे कसे घडते हे तिच्याइतके उघड करून दाखवणारे दुसरे साधन स्वयंपाकघरात क्वचितच असेल. बीड जिल्ह्यात टोस्टर मोजक्याच घरी असतील. पण त्यातली उष्णता जशी वागते तशीच ती इथल्या चुलीपुढे, तव्यावर आणि गॅसवरच्या जाळीवरही वागते, आणि तिथेही नक्षी सोडून जाते.

पीठ किंवा ब्रेड तांबूस का होतो, याचे उत्तर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये मांडलेल्या अभिक्रियेत आहे. धान्यातली प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात ती आणि काही शर्करा तापल्यावर एकमेकांशी जोडल्या जातात, आणि त्यातून तांबूस रंगाचे, खमंग वासाचे अनेक पदार्थ तयार होतात. ही क्रिया झपाट्याने होण्यासाठी पृष्ठभाग सुमारे १४० अंश सेल्सियसच्या वर जावा लागतो. ओला पृष्ठभाग मात्र १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतो, कारण मिळेल ती उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. म्हणून आधी वाळणे आणि मग रंग येणे हा क्रम कोणत्याही भाजणीत चुकत नाही. नक्षी उमटवायची तर एवढेच साधायचे असते की, शेजारशेजारच्या दोन जागांपैकी एकीने हा टप्पा ओलांडावा आणि दुसरीने ओलांडू नये.

ते साधण्याच्या मुख्य वाटा दोन: आड येणे आणि टेकणे.

विजेच्या टोस्टरात ब्रेड तारांना टेकत नाही. निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूची तार लाल होते आणि तिच्यातून निघणारे उष्णतेचे किरण सरळ रेषेत ब्रेडवर पडतात. अल्बर्ट मार्श या अमेरिकी धातुतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा मिश्रधातू तयार केला, तेव्हाच न वितळणारी, लवकर न गंजणारी तार हाती आली आणि विजेचा टोस्टर घरात वापरण्याजोगा झाला. किरण सरळ जात असल्यामुळे मध्ये काही आले की त्याची सावली पडते. साध्या टोस्टरातून काढलेला काप निरखून पाहिला तर त्यावर फिकट उभ्या रेघा दिसतात. ब्रेड तारांकडे कलू नये म्हणून लावलेल्या गजांच्या त्या सावल्या असतात. नक्षीचे साधन म्हणजे याच गजांना दिलेला मनाजोगता आकार. पत्रा ब्रेडला जितका जवळ, तितकी सावलीची कड रेखीव. तो तारांच्या बाजूला सरकला की चांदणीची टोके विरघळतात आणि नुसता फिकट डाग उरतो. फार बारीक रेघा तर उमटतच नाहीत, कारण ब्रेडची भोके आणि आत पसरणारी उष्णता त्या पुसून टाकतात. जाड, ठळक आकार, घट्ट पोताचा आणि थोडा शिळा ब्रेड, एवढे जमले तर चित्र चांगले येते. दूध-साखर घातलेला ब्रेड लवकर तांबूस होतो, म्हणून त्याला वेळ कमी द्यावा लागतो.

दुसरी वाट नेमकी उलटी आहे. धातू आधी तापलेला असेल आणि तो ब्रेडला टेकला, तर टेकलेली जागाच आधी काळवंडते. पापड किंवा फुलका भाजायची तारेची जाळी गॅसवर ठेवली की तिच्या तारा ज्योतीत तापतात आणि फुलक्यावर गडद चौकटी उठतात. म्हणजे तीच तार टोस्टरमध्ये फिकट रेघ काढते आणि गॅसवर काळी.

बीड जिल्ह्याची भाकरी या दोन्ही वाटांनी जाते, आणि ती कशी जाते हे सावकाश पाहण्यासारखे आहे. जिल्ह्याच्या बऱ्याच भागात रब्बीची ज्वारी, तर आष्टी-पाटोद्याच्या हलक्या रानात बाजरी हे रोजचे धान्य. या दोन्ही पिठांत गव्हासारखे ग्लूटेन नसते. ऊन पाण्यात पीठ भिजवले की त्यातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि त्या चिकटपणावरच गोळा एकसंध राहतो. मग परातीत किंवा काथवटीत कोरडे पीठ भुरभुरून भाकरी थापली जाते. थापणारीची बोटे वरच्या बाजूवर गोल गोल फिरतात आणि कडेपासून आतपर्यंत उथळ खळग्यांच्या ओळी सोडतात. तव्यावर टाकताना भाकरी उलटते: कोरड्या पिठाची बाजू वर येते आणि बोटांच्या खुणांची बाजू लोखंडाला टेकते. वरच्या बाजूला लगेच पाणी लावले जाते. त्यामुळे सुटे पीठ करपत नाही, बारीक भेगा बुजतात आणि पुढे वाफ कोंडायला जागा मिळते. पाणी आटत आले की भाकरी उलथायची. आता वर आलेल्या बाजूवर बोटांचे खळगे फिकट आणि त्यांच्यामधले उंचवटे तांबूस दिसतात, कारण तव्याला टेकले होते ते उंचवटेच. प्रत्येक बाईचा हात वेगळा, दाब वेगळा, त्यामुळे ही नक्षीही वेगळी. ती ठरवून काढलेली नसते आणि जेवणारा ती पाहतही नाही, पण साच्यातल्या कोणत्याही फुलापेक्षा तिची किंमत अधिक आहे, कारण ती हातानेच काढलेली असते.

पुढचा टप्पा तर चक्क टोस्टरचाच आहे. दुसरी बाजू तव्यावर भाजून झाली की चुलीतली लाकडे मागे सारून आर पुढे ओढला जातो आणि भाकरी त्याच्यासमोर उभी केली जाते. तुराट्या किंवा कपाशीच्या पळाट्या जळून झालेला लालभडक निखारा किरणांनी उष्णता देतो, टोस्टरच्या तारेसारखीच, न टेकता. भाकरी आत कोंडलेल्या वाफेने फुगते आणि पापुद्रा सुटतो. फुगलेले पोट निखाऱ्याच्या सर्वांत जवळ येते, म्हणून तिथे गडद ठिपके पडतात. काठ दूर राहतो, म्हणून तो फिकट असतो. भाजणारी बाई भाकरी थोडी थोडी फिरवत राहते आणि न दिसणाऱ्या किरणांचे वाटप करते. टोस्टरमध्ये हे काम तारांच्या मांडणीने होते. इथे ते नजरेने आणि बोटांच्या टोकांनी होते.

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीडमधून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखान्याच्या रानात कोपी उभी राहते, बाहेर दगडांची चूल मांडली जाते आणि तव्यावर पहाटेच दिवसभराच्या भाकरी होतात. फडात दुपारपर्यंत टिकायची तर भाकरी पुरती कोरडी भाजावी लागते, कारण ओल राहिली की ती लवकर विटते. तिच्यावरचा तांबूस रंग इथे चवीची हौस नसतो, ती टिकण्याची खूण असते. अंधारात, थंडीत, कोयता हाती घेण्याआधी हे काम बायका करतात. भाजणीच्या शास्त्राबद्दल लिहिताना त्यांच्या या कौशल्याचा उल्लेख टाळणे अन्यायाचे ठरेल.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गावोगावी गॅस पोहोचत गेला. गॅसच्या शेगडीला आर नसतो. ज्योत थेट लागली तर भाकरी एका जागी करपते आणि दुसरीकडे कच्ची राहते. म्हणून मध्ये जाळी आली. जाळी ज्योत पसरवते, भाकरी पेलते आणि तिच्यावर आपल्या चौकटी उमटवते. चुलीवरच्या भाकरीचे विखुरलेले ठिपके आणि जाळीवरच्या भाकरीच्या सरळ रेघा शेजारी ठेवल्या, तर कोणती कशावर भाजली हे पाहताक्षणी कळते. सिलिंडर भरून आणणे परवडत नाही तेव्हा घर पुन्हा चुलीकडे वळते, आणि भाकरीची नक्षीही.

ब्रेडसाठी इथे जास्त ओळखीचा आहे तो गॅसवर धरायचा हातातला टोस्टर. ॲल्युमिनियमच्या दोन खोलगट झाकणांना बिजागरी आणि लांब बेकेलाइटचे दांडे असतात. झाकणांच्या आतल्या बाजूला उंचवट्याच्या रेघा ओतलेल्या असतात, कधी शिंपल्याच्या आकाराच्या, कधी कापाचे तिरके तुकडे पाडणाऱ्या. ॲल्युमिनियममधून उष्णता झपाट्याने पसरते, त्यामुळे ज्योत मधोमध असली तरी सगळे झाकण तापते. उंचवटे ब्रेड दाबतात, दाबलेला भाग घट्ट आणि पातळ होतो, त्यातले पाणी आधी जाते आणि तिथे गडद रेघ उठते. लोण्याचा हात फिरवला तर धातू आणि ब्रेड यांच्यामधली हवेची पोकळी भरते आणि खोलगट भागही छान सोनेरी होतो. मुंबईच्या फुटपाथवरच्या टोस्ट सँडविचला त्याची ओळखीची कड आणि रेघा याच साधनाने दिल्या.

भाकरी-ब्रेडवर खूण करण्याची रीत मुळात फार जुनी आहे. इटलीत इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा हर्क्युलेनियममध्ये कोळसा होऊन टिकलेल्या एका पावावर शिक्का आहे. क्विंटस ग्रॅनियस व्हेरस याच्या सेलर नावाच्या गुलामाचा तो पाव, असे त्यावरून वाचता येते. ख्रिस्ती प्रार्थनेतल्या पातळ पोळ्या नक्षीदार लोखंडी चिमट्यांत भाजण्याची प्रथा युरोपात शतकानुशतके चालली. राजस्थानात खोबा रोटी लाटून झाल्यावर बोटांनी चिमटे घेऊन तिच्यावर खळग्यांची रांगोळी काढतात; मंद आचेवर कडा तांबूस होतात आणि खळग्यांत तूप साठते. शिक्का, चिमटा किंवा बोट काहीही असो, भाजण्याआधीच पृष्ठभाग उंच-सखल करणे ही यातली युक्ती आहे.

हीच युक्ती घरी करून पाहायला सर्वांत सोपी आहे. स्टीलच्या वाटीचा काठ, शंकरपाळ्याचे कातण किंवा करंजीची फिरकी ब्रेडच्या कापावर घट्ट दाबावी आणि मग तो टोस्टरमध्ये किंवा कोरड्या तव्यावर भाजावा. दबलेली जागा आत गेल्यामुळे फिकट राहते आणि भोवतालचा भाग रंगतो. पत्र्याचा आकार वापरायचा तर तो ओव्हनमध्ये, वरच्या तारेखाली, ब्रेडवर आडवा ठेवावा आणि चिमट्याने काढावा. तो पत्रा स्टीलचा, कडा घासलेला आणि रंग किंवा मुलामा नसलेला असावा. उभ्या टोस्टरमध्ये मात्र त्याच मॉडेलसाठी बनवलेल्या साधनाखेरीज धातूचे काहीही घालू नये. आतल्या तारांतून घरच्या २३० व्होल्टचा प्रवाह जातो. ॲल्युमिनियमचा चमकता कागद किंवा घरी कापलेला पत्रा त्यांना टेकला तर धक्का बसू शकतो आणि आगही लागू शकते. अडकलेला काप सुरीने किंवा काट्याने उकरून काढण्याची सवयही तितकीच धोक्याची. आधी पिन काढावी, टोस्टर थंड होऊ द्यावा, मग तो उलटा करून झटकावा.

रंग किती गडद असावा, यालाही मर्यादा आहे. पिष्टमय पदार्थ सुमारे १२० अंशांच्या वर भाजले किंवा तळले की त्यांत ॲक्रिलामाइड तयार होते, हे स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये जाहीर केले. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या पदार्थाचा कर्करोगाशी संबंध दिसला आहे, आणि रंग जितका काळा तितके त्याचे प्रमाण जास्त. नक्षी उठून दिसावी म्हणून ब्रेड काळा होईपर्यंत ठेवण्याचे कारण नसते. सोनेरी आणि पांढरा यांच्यातला फरकही डोळ्यांना पुरतो. करपलेला भाग सुरीने खरवडून टाकावा. नक्षीचा पत्रा किंवा हातटोस्टरची झाकणे वापरानंतर कोमट असतानाच पुसून घ्यावीत. खाचांत राहिलेले लोणी आणि चुरा पुढच्या वेळी जळतो, धूर करतो आणि पुढच्या कापाची रेघ बिघडवतो.