ऑक्सिजन कमी पडला म्हणे. पण खाल्ला कुणी?

पंचगंगेचं पाणी उतरलं की तेरवाड बंधाऱ्याकडून मेलेल्या माशांचे फोटो फिरायला लागतात. आणि उत्तर ठरलेलं, पाण्यात ऑक्सिजन कमी पडला. अहो, हे कारण झालं का? गळा दाबून मारलेल्या माणसाच्या पंचनाम्यात 'श्वास बंद पडल्याने मृत्यू' एवढंच लिहून फाईल बंद करण्यातला प्रकार आहे हा.

जरा माशाची बाजू ऐका. एक लिटर हवेत साधारण 210 मिलिलिटर ऑक्सिजन असतो. नदीच्या स्वच्छ पाण्यात लिटरला जेमतेम 6. तेवढ्यावर मासा जगतो, कारण या कामात त्याचे कल्ले आपल्या फुप्फुसांपेक्षा सरस आहेत. कल्ल्यांत पाणी एका दिशेने वाहतं आणि रक्त बरोबर उलट्या, त्यामुळे पाण्यातल्या ऑक्सिजनचा मोठा हिस्सा रक्तात ओढला जातो. आपण छातीभर श्वास घेतो आणि त्यातला जेमतेम चौथा हिस्सा वापरून बाकीचा परत सोडतो. (शाळेत कल्ल्यांची आकृती काढून मार्क मिळवले, पण हे कुणी सांगितलं नाही.) असा काटकसरी प्राणी गुदमरतो तेव्हा पाण्यात काही उरलेलंच नसतं.

मग गेला कुठे? गटाराचं पाणी, मळी कुजवणारे जिवाणू तो खातात. डिस्टिलरीचा स्पेंट वॉश घ्या. प्रक्रिया न करता सोडला तर एका लिटरला कुजताना 40,000 मिलिग्रॅमच्या घरात ऑक्सिजन लागतो. चांगल्या नदीच्या लिटरभर पाण्यात असतो 8 मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर काळं पाणी 5,000 लिटर नदीचा श्वास संपवतं. दहा हजार लिटरचा एक टँकर रात्रीत रिकामा झाला तर पाच कोटी लिटर!

कुणी म्हणेल, मासे दिसतात की अजून. दिसतात, पण कुठले? मरळ दिसेल. मरळ वर येऊन तोंडाने हवा घेते, तिच्या डोक्यात त्यासाठी वेगळी पोकळीच असते. रोहू-कटल्याला ती सोय नाही. ते पहाटे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात आणि मरतात. मरळीचा दाखला देऊन नदी ठीक आहे म्हणू नका.

पहाटेच का? रात्री शेवाळसुद्धा ऑक्सिजन बनवत नाही, उलट वापरतं. साहेब येणार उन्हं वर आल्यावर, तेव्हा बाटली भरणार. तोवर ते पाणी पुढे गेलेलं! माशांसाठी लिटरला किमान 4 मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचाच निकष आहे. मग प्रत्येक बंधाऱ्यावर फळा लावा आणि पहाटे पाचचा आकडा लिहा. मीटर हातात मावतं, मत्स्यतळीवालेही वापरतात. आकडा 4 च्या खाली गेला की वरच्या अंगाचे नाले आणि कारखान्यांची तोंडं त्याच दिवशी तपासा. मेलेले मासे ट्रॉलीत भरून नेणं ही कारवाई नव्हे.

येत्या ग्रामसभेत मी हाच ठराव मांडतोय. नदीकाठच्या कुठल्या कुठल्या गावात मांडणार, कमेंटमध्ये गावाचं नाव टाका.